बदलत गेलेली चव आणि तालुक्याच्या गावातलं पिणं

माळरान

बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, आज लिहितोच. पिणाऱ्या माणसाची आवड वयाप्रमाणे बदलते हे सगळेच म्हणतात, पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात आवड बदलते ती जिभेमुळे कमी आणि बसायच्या जागेमुळे जास्त. जिथे लपून, घाईत, कुणी बघायच्या आत संपवायचंय तिथे माणूस चवीचा विचारच करू शकत नाही, तो फक्त किती पैशात किती चढेल एवढंच बघतो.

माझं गाव मराठवाड्यातलं, बाजारपेठ बऱ्यापैकी, एक साखर कारखाना जवळ. कॉलेजच्या वयात सगळ्यांची सुरुवात स्ट्राँग बियरने व्हायची, ती पण शेतात नाहीतर कॅनॉलच्या कडेला, कारण घरात आजोबा माळकरी आणि परमिट रूममध्ये गेलं तर शेजारच्या टेबलावर आपलेच मास्तर. बियर म्हणजे साधी, दारू नाही, हा समज पक्का. आता जरा हिशेब करा. 650 एमएलची स्ट्राँग बाटली, 8 टक्के धरली तर त्यात 52 एमएल शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्याच्या व्हिस्कीचे 60 एमएलचे दोन पेग म्हणजे 51 एमएलच्या वर थोडं. म्हणजे जो पोरगा "मी फक्त एक बियर घेतो" म्हणतो त्याने दोन लार्ज मारलेले असतात, आणि तेही बर्फासारखी थंड करून वीस मिनिटात, कारण गरम झाली की तिची चव सहन होत नाही. थंडपणाने जीभ बधिर होते आणि कडूपणा लपतो, एवढंच त्यात आहे.

मग नोकरी लागली की व्हिस्कीची क्वार्टर, 180 एमएलची बाटली. का? तर सगळे तेच घेतात म्हणून. थम्सअप टाकून. नव्वदच्या दशकात रॉयल स्टॅग, इम्पिरियल ब्लू वगैरे आले तेव्हापासून आमच्याकडे ठरलेली शिडी आहे, पगार वाढला की एक पायरी वर. चवीत फरक काय विचारलं तर कुणाला सांगता यायचं नाही, बाटलीचं झाकण आणि लेबल बघून मान मिळायचा.

पुण्याला बदली झाली आणि तिथे पहिल्यांदा माणसं सावकाश पिताना बघितली. 2009 ला तिथे डूलॅली सुरू झालं, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, म्हणजे जागेवरच बियर बनवणारी, गव्हाची ताजी बियर मिळायची. एक ग्लास, दोन तास गप्पा. तेव्हा लक्षात आलं की केळ्यासारखा, लवंगेसारखा वास बियरला असू शकतो. त्यानंतर रम कोमट पाण्यात घ्यायला लागलो, कोल्ड्रिंक सुटलं. आता महिन्यातून कधीतरी एखादा पेग, तोही पाण्याबरोबर, आणि तेवढ्यात समाधान होतं. पण गावी गेलो की जुने मित्र तशीच घाई करतात आणि मला त्यांच्याबरोबर बसवत नाही. ह्यात जीभ बदलली का जागा बदलली, तुम्ही सांगा. तुमच्या गावचं पण लिहा.

जुना_गल्लेवाला

मी सोलापूर जिल्ह्यात हायवेवरच्या एका परमिट रूममध्ये बरीच वर्षं गल्ल्यावर होतो, त्यामुळे ह्या विषयावर मला बोलायलाच पाहिजे.

जागेचं तुमचं म्हणणं खरं आहे पण अर्धं. गिऱ्हाईक काय मागतं हे मी रोज बघायचो. व्होडका आमच्याकडे का चालायची माहितीय का, चवीसाठी नाही, "वास येत नाही" म्हणून. येतो की वास, पण समज तसा. लिंबू पिळायचं, सोडा टाकायचा, वरून बडीशेप, मग पान, आणि घरी. थंडीत रम उठायची. बाजाराच्या दिवशी नाईंट्या (90 एमएलच्या छोट्या बाटल्या) जास्त जायच्या कारण लोकांना शेवटची एस्टी गाठायची असायची, उभ्या उभ्या काम. उसाचं बिल जमा झालं की तीच माणसं खंबा, म्हणजे अख्खी मोठी बाटली मागायची. आणि निवडणूक आली की विचारू नका, फुकटचं असलं की देशीवाला पण ब्रँड सांगतो!

टेबलं पण ठरलेली. आतल्या एसी खोलीत गुत्तेदार आणि साहेब लोक, बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बाकीचे. एखादा शिक्षक आला की कोपऱ्यातलं टेबल, पाठ दरवाजाकडे. हे लोक काय पितात ते समोरच्या टेबलावर काय आहे त्यावर ठरायचं. कुणालाही खाली दिसायचं नसतं.

2017 ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेपासून 500 मीटरच्या आतलं सगळं 1 एप्रिलपासून बंद झालं (लहान गावांना 220 मीटर) तेव्हा आमचंही बंद झालं. त्या काळात गिऱ्हाईक कुठं गेलं? घरी नाही गेलं. पार्सल घेऊन शेतात, ढाब्याच्या मागं, गाडीत. आधी माणूस दोन तास बसून चार घास खाऊन जायचा, आता गाडीच्या बॉनेटवर पंधरा मिनिटात क्वार्टर आणि वर गाडी चालवायची. नंतर शहर हद्दीतल्यांना सूट मिळाली, बरीच दुकानं परत उघडली, पण ती बॉनेटवाली सवय काही गेली नाही. म्हणून म्हणतो तुमचा मुद्दा मला पटतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

वर्धाकाठ

चंद्रपूर जिल्ह्यातून. आमच्याकडचं वेगळंच प्रकरण आहे भाऊ.

1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागली ती 2021 पर्यंत. बाजूला गडचिरोलीत 1993 पासून आहे, वर्ध्यात तर त्याच्याही आधीपासून, गांधी जिल्हा म्हणून. बंदीसाठी बाया चालत गेल्या होत्या नागपूरला, त्यांचं दुःख खरंच होतं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पिणाऱ्याचं काय झालं ते सांगतो. यवतमाळकडून, तेलंगणातून माल यायचा, दुप्पट तिप्पट भावात, झाकण बदललेलं आहे का नाही देव जाणे. लेबल एक आत भलतंच. त्या सहा वर्षात आमच्या वयाच्या पोरांनी चव नावाची गोष्ट बघितलीच नाही, जे मिळालं ते घशाखाली. माळरान भाऊंची लपून पिण्याची गोष्ट आमच्याकडे अख्ख्या जिल्ह्याची झाली होती.

पण एक चव आमच्याकडे आहे जी कुणाकडून शिकावी लागली नाही, मोहाची. मार्च एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात, बाया पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात, वाळवतात. गोंड माणसाच्या घरी जन्म, लग्न, मरण, पूजा, कशालाच मोहाशिवाय चालत नाही, आधी देवाला धार मग माणसाला. नीट काढलेल्या मोहाला फुलाचा वास असतो आणि पोटात ऊब येते, जळजळ नाही. इंग्रजांच्या काळात मोहाच्या दारूवर कायद्याने बंधनं आली, तेव्हापासून ती चोरटी झाली. चांगलं करणारा भीतीने सोडून देतो आणि नवसागर, युरिया टाकून विकणारा राहतो. माझ्या मते मोहाला मान मिळाला पाहिजे, गोव्याच्या फेणीला 2009 ला जीआय (त्या भागाचीच खास वस्तू अशी सरकारी ओळख) मिळालं तसं काहीतरी.

निशिगंध

मी सांगली जिल्ह्यातली, तालुक्याच्याच गावात राहते. ह्या धाग्यावर अजून एकाही बाईने लिहिलेलं नाही म्हणून लिहिते.

मला वाईन आवडते. आवडायला लागली नाशिकमुळे. मैत्रिणींबरोबर सुला वाईनरीच्या टेस्टिंग रूममध्ये गेलो होतो, तिथे बायका, जोडपी, वयस्कर माणसं सगळी उघड्यावर बसलेली, कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं. एका माणसाने शांतपणे समजावून सांगितलं ग्लास फिरवायचा कशाला, आधी वास का घ्यायचा, शेनिन ब्लां ही पांढरी वाईन गोडसर का लागते आणि लाल वाईन घेतल्यावर जीभ कोरडी का होते. ती कोरड द्राक्षाच्या साली आणि बियांतल्या टॅनिन नावाच्या तुरट घटकामुळे येते हे मला तिथे कळलं. आमच्या भागात एवढी द्राक्षं, तासगावचा बेदाणा सगळीकडे जातो, पण द्राक्षापासून वाईन होते हे नुसतं ऐकलेलं, चाखली पहिल्यांदा तिथे.

आता गावी काय? दुकानाची पाटी "वाईन शॉप", आत वाईनच्या चार धुळीच्या बाटल्या, उन्हात ठेवलेल्या. मी एकदा स्वतः गेले होते. काउंटरला जाळी, पुढे पुरुषांची गर्दी, आणि मी उभी राहिल्यावर सगळे गप्प झाले. त्यानंतर नवराच आणतो, काळ्या पिशवीत. 2022 च्या जानेवारीत सरकारने मोठ्या दुकानात वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की आता किराण्याबरोबर एक बाटली घेता येईल. त्याला एवढा विरोध झाला की ते प्रत्यक्षात आलंच नाही.

पण मला दुसरी बाजूही माहीत आहे. आमच्या गल्लीच्या मागे देशीचं दुकान आहे आणि त्यावर बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करायचं मतदान घ्यावं म्हणून, सह्या गोळा केल्या तेव्हा मीही सही केली, आणि मतदान झालं तर मी आडवी बाटलीच निवडणार. कारण तिथे संध्याकाळी सहानंतर शाळेतून क्लासवरून येणाऱ्या मुली रस्ता बदलून जातात. आणि नियम असा की गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागतात, झालेल्या मतदानाच्या नाही. म्हणजे जी बाई शेतात गेली, माहेरी गेली, नवऱ्याने येऊ दिली नाही, ती आपोआप उभ्या बाटलीच्या, म्हणजे दुकान चालू ठेवायच्या बाजूला मोजली जाते. हे मला अन्यायाचं वाटतं. वाईन आवडणं आणि ते दुकान बंद व्हावं वाटणं ह्यात मला काहीच विसंगत वाटत नाही.

माळरान

निशिगंध ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या परमिट रूमला "फॅमिली रूम" अशी पाटी असते आणि आत पडदा, पण त्या पडद्याआड मी आजवर एकही फॅमिली बघितली नाही. नाशिकला जे जमलं ते एका दिवसात नाही जमलं हे पण खरं, राज्याचं द्राक्ष वाईन धोरण 2001 चं, त्याच्याही आधी ऐंशीच्या दशकात नारायणगावला इंडाज कंपनीने स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाईन करायला सुरुवात केली होती.

आणि विसंगती मलाही दिसत नाही. माझं म्हणणं तेच आहे, दुकानाची रचनाच अशी की माणसाने पटकन घ्यावी आणि पटकन संपवावी.

काळीमाती

सगळं वाचलं. मला जरा वेगळं लिहायचंय, कुणाला दुखवायचा हेतू नाही.

माझ्या वडिलांची आवड पण बदलत गेली. मी लहान असताना ते चांगली व्हिस्की आणायचे, पाहुणे यायचे, काचेचे ग्लास निघायचे, आई भजी तळायची. मग स्वस्त व्हिस्की. मग रम. मग क्वार्टर एकट्याने. मग देशी संत्रा, आणि शेवटी सकाळीच उठून दुकान उघडायची वाट बघत पायरीवर. जिभेचा किंवा जागेचा ह्यात काही संबंध नव्हता, खिसा रिकामा होत गेला आणि शरीराला अल्कोहोल पाहिजे होतं. हात थरथरायचे ते पहिल्या घोटानंतर थांबायचे. मी त्यांना एकदा विचारलं होतं की ह्याची चव तरी आवडते का तुम्हाला, तर ते नुसतं "नाही" म्हणाले.

पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. अवचट दांपत्याने 1986 मध्ये सुरू केलेलं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला सांगितलं की हा आजार आहे, आणि घरच्यांनी पण काही गोष्टी शिकायच्या असतात, पैसे न देणं, खोटं बोलून त्यांची सुट्टी न टाकणं. वडील नंतर अनेक वर्षं कोरडे राहिले. गेले तेव्हा कोरडेच होते, ह्याचा मला अभिमान आहे.

तालुक्याच्या गावात ह्या माणसाला जायला जागा कुठंय? पिणाऱ्यासाठी परमिट रूम, देशी, ढाबा सगळं आहे, सोडणाऱ्यासाठी एए ची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग पण चाळीस किलोमीटरवर. आणि मीटिंगला जाताना कुणी बघितलं तर? पिण्याची लाज आहे त्याहून सोडण्याची लाज मोठी आहे आपल्याकडे. सोडली म्हणलं की मित्र म्हणतात एकाने काय होतंय, आणि लग्नाच्या मांडवात पाठीमागे गाडीच्या डिकीत ग्लास पुढे करतात. तुम्ही चवीबद्दल बोला जरूर, पण ह्या धाग्यावर हे पण असू द्या.

माळरान

दादा, हे असायलाच पाहिजे. आग्रहाचं तुम्ही म्हणता ते मी रोज बघतो. न पिणाऱ्याला सुखाने बसू देणारी बैठक मी गावात फार थोडी बघितली. जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) पण 2023 मध्ये स्पष्ट म्हटलंय की शरीराला अजिबात अपाय नाही असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. चांगली, महागाची, सावकाश घेतलेली असली तरी अल्कोहोल तेच. ते मला मान्य आहे, म्हणूनच मी महिन्याला एकावर आलो.

तळकोकणी

सिंधुदुर्गातून. आमच्याकडे गोवा शेजारी, म्हणजे शिडीच उलटी. गोव्यात कर कमी, त्यामुळे तुमच्याकडे जी साहेबांची बाटली ती आमच्याकडे रिक्षावाल्याची. ती हद्दीच्या ह्या बाजूला आणणं बेकायदा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, तरी येते. स्वस्त झाल्यावर माणसं चवीकडे वळली का? माझ्या बघण्यात नाही. जास्त प्यायला लागली. त्यामुळे माळरान, तुमच्या हिशेबात किंमत पण घाला.

चवीचं म्हणाल तर म्हातारी माणसं. आमचे आजोबा काजूच्या बोंडाची पहिली धार हाताच्या तळव्यावर चोळून वास बघायचे, बोंडं झाडावरून पडलेली की ओरबाडलेली हे त्यांना वासावरून कळायचं. पडलेलं बोंड पूर्ण पिकलेलं असतं म्हणून. एक छोटा ग्लास जेवणाआधी, बस. पुढच्या पिढीला ती "गावठी" म्हणून कमीपणाची वाटायला लागली आणि ते क्वार्टरकडे गेले. आता मुंबईवरून आलेले पाहुणे तीच फेणी कोकम सोड्यात घालून फोटो काढतात तेव्हा गावातल्या पोरांना पुन्हा तिची किंमत वाटायला लागलीय, चांगलंच आहे.

वर्धाकाठ

तळव्यावर चोळून बघायचं आमच्याकडे मोहाला पण करतात! काडी लावून निळी ज्योत बघतात ते पण, पण त्याने विष कळत नाही हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. मिथेनॉल पण जळतं आणि त्याची ज्योत तर उजेडात दिसत पण नाही. 2015 ला मालवणीत, मुंबईला, शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. अनोळखी माणसाची गावठी घेऊच नये.

जुना_गल्लेवाला

किमतीचा विषय निघाला म्हणून. 2025 च्या जूनमध्ये सरकारने विदेशी मद्याची (देशातच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) एक्साइज ड्युटी वाढवली, उत्पादन खर्चाच्या तिप्पट होती ती साडेचारपट. तेव्हा 180 एमएलला कमीत कमी भाव रुपयांत असे ठरले, देशी 80, नवीन आलेलं धान्याचं महाराष्ट्र मेड लिकर 148, आपली नेहमीची विदेशी 205, प्रीमियम 360. त्यात बसून प्यायचं तर परमिट रूमला व्हॅट आधीच 5 चा 10 टक्के झालेला. त्याच जुलैत बारवाल्यांनी एक दिवस बंद पण पाळला. माझ्या ओळखीचे अजून धंद्यात आहेत, ते म्हणतात बसणारं गिऱ्हाईक कमी झालं, पार्सल वाढलं. म्हणजे ज्या जागेबद्दल तुम्ही बोलताय ती महाग करून आपण लोकांना परत बॉनेटवर पाठवतोय.

अजून एक, आपली बरीच स्वस्त व्हिस्की म्हणजे मळीच्या स्पिरिटमध्ये थोडी माल्ट मिसळलेली. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. म्हणून तुम्हाला रम जास्त खरी वाटली असेल, ती निदान मळीची आहे हे लपवत नाही. ओल्ड मंक 1954 पासून लोक पितात ते काय उगाच नाही.

पाऊलवाट

नवीन सदस्य. मला गल्लेवाले काकांना विचारायचंय. मी आणि माझा चुलतभाऊ तालुक्याच्या गावात एक साधी जागा काढायचा विचार करतोय, स्वच्छ, उजेड असलेली, बायका पण येऊन बसू शकतील अशी, खायला चांगलं आणि प्यायला माइल्ड बियर आणि वाईन एवढंच. कडक दारू ठेवायचीच नाही. चालेल का?

जुना_गल्लेवाला

मनापासून सांगतो, पहिलं वर्षभर प्यायच्या जोरावर चालणार नाही, खाण्यावर चालेल. म्हणून स्वयंपाकी चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

माइल्ड बियर जास्त भरून ठेवू नका. बाटलीची मुदत साधारण सहा महिने असते आणि आपल्या उन्हाळ्यात फ्रीजबाहेर राहिली तर त्याआधीच तिची चव बिघडते, पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं माइल्ड असलीच असते. थोडी आणा, फिरती ठेवा. वाईनची बाटली उघडली की दोन तीन दिवसात संपली पाहिजे, म्हणून ग्लासवर विकायची तर एक लाल एक पांढरी, त्यापेक्षा जास्त नको. पाटीवर भाव मोठ्या अक्षरात लावा, बायकांना आणि नवीन माणसाला विचारायला संकोच वाटतो. वय विचारायला लाजू नका, कायद्याने बियरला 21 आहे. पडदे लावू नका. रस्त्याच्या बाजूला काच ठेवा, आतलं दिसलं पाहिजे. पहिले चार महिने गाव नावं ठेवील, ठेवू द्या. आणि एखादा नुसता सोडा लिंबू पिऊन दोन तास बसला तर त्याला उठवू नका, काळीमातींनी वर लिहिलंय ना, त्यांच्यासारख्यांना बसायला जागा नसते.

लायसन्सचं आधी बघा, कुठली जागा शाळेपासून देवळापासून किती लांब हे जागा घ्यायच्या आधी एक्साइज ऑफिसमध्ये विचारून घ्या, भाडं सुरू झाल्यावर नाही. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येऊन जागा बघून जाईन.